चिनी-तिबेटी भाषाकुळाची ओळख: झाड बाजूला ठेवा, बोटं मोजा

या भाषाकुळाबद्दल वाचायला बसलं की पहिली गाठ पडते ती एका झाडाशी. चारशेहून अधिक भाषा फांद्याफांद्यांवर लटकलेल्या, निम्म्यांची नावं जिभेवर बसत नाहीत, आणि दोन पुस्तकांतली झाडं एकमेकांशी जुळत नाहीत. असं झाड मी तीनदा पाठ करायला घेतलं आणि तिन्ही वेळा नेपाळच्या पूर्व टोकापर्यंत पोचून सोडून दिलं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं असं, की झाड सध्या मिटून ठेवा. शंभर पानी वही घ्या आणि पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. आठवडाभरात तुम्हाला नातं कानाने ओळखता येऊ लागेल. झाड नंतर बघता येतं.

पसारा किती मोठा आहे, याचा अंदाज मात्र आधी हवा. बोलणाऱ्यांच्या संख्येत इंडो-युरोपीय कुळानंतर या कुळाचा जगात दुसरा क्रमांक लागतो. सुमारे १४० कोटी लोक, त्यातले बहुतेक चिनी बोलणारे. उरलेल्या थोड्या कोटींत बर्मी, तिबेटी आणि शेकडो लहान भाषा आल्या. पश्चिमेला बाल्टिस्तान आणि लडाखपासून हिमालयाच्या दोन्ही उतारांवरून, ईशान्य भारत, म्यानमार, चीनचा युन्नान प्रांत असं करत हे कुळ थेट चीनच्या पूर्व किनाऱ्याला भिडतं. भारतात या कुळातली सर्वांत मोठी भाषा मणिपुरी, म्हणजे मैतेई. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक १७.६ लाख, बोडोचे १४.८ लाख, गारोचे ११.५ लाख, त्रिपुरातल्या कोकबोरोकचे १० लाखांवर. मिझोचे ८.३ लाख, आणि त्याच जनगणनेत मराठीचे ८.३ कोटी. शंभरास एक हे प्रमाण मनात ठेवून मिझो वर्तमानपत्रं आणि मिझो गाण्यांचा बाजार पाहिला की थक्क व्हायला होतं.

पायरी पहिली: वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टींवर काट मारा

चेहरा, लिपी, धर्म आणि राज्य. या चारांवरून भाषेचं कूळ ठरत नाही. नवशिक्यांच्या दहातल्या नऊ चुका इथेच होतात आणि माझीही इथेच झाली. मेघालयातली म्हणून खासी आणि गारो मी एकाच रकान्यात लिहिल्या होत्या. दोन्ही समाजांत वंश आईकडून चालतो, दोन्ही भाषा रोमन लिपीत लिहितात, डोंगर एकाला एक लागून. पण गारो या कुळातली आणि खासी ऑस्ट्रो-आशियाई. म्हणजे खासीचं नातं दूरच्या ख्मेर आणि व्हिएतनामीशी, आपल्याकडच्या संथाळी आणि कोरकूशी. मेळघाटातली कोरकू खासीची लांबची बहीण लागते आणि शेजारची गारो लागत नाही, हे पचायला मला दोन दिवस लागले.

अशी उदाहरणं ढीगभर आहेत. नेपाळी ही मराठीसारखीच इंडो-आर्य, पण नेपाळमधल्या नेवार, तामांग, गुरुंग, मगर, राई, लिंबू आणि शेर्पा लोकांच्या मूळ भाषा या कुळातल्या. आसामी इंडो-आर्य, तिच्या पोटात राहणारी बोडो आणि कार्बी या कुळातल्या. अरुणाचलातली आदी आणि न्यिशी या कुळातल्या, तर त्याच राज्यातली खामती थाईच्या घरातली. नागालँडच्या बाजारात ऐकू येणारी नागामीज आसामीवर उभी राहिलेली मिश्र बोली आहे. तिच्यावरून नागा भाषांबद्दल काहीच कळत नाही. चीनमध्येही तेच: हुई मुसलमान चिनी बोलतात, उइगुर तुर्की कुळातली भाषा बोलतात, च्वांग लोकांची भाषा थाईच्या जवळची. आणि जपानी, कोरियन? लिपी आणि हजारो शब्द चीनकडून घेतले, तरी कूळ वेगळं. आपण हुकूम, वकील, दप्तर हे शब्द घेतले म्हणून मराठी काही अरबीची मुलगी झाली नाही.

पायरी दुसरी: तीन आणि पाच

आता वहीत दोन रकाने आखा. एकात 'तीन', दुसऱ्यात 'पाच'. मग हे मोठ्याने म्हणत लिहून काढा.

तीन: तिबेटी सुम, मैतेई अहुम, मिझो पथुम, गारो गित्ताम, बोडो थाम, कोकबोरोक थाम, कँटोनीज (हाँगकाँगकडची चिनी) साम, मँडरिन (पेइचिंगकडची चिनी) सान.

पाच: तिबेटी ङा, बर्मी ङा, मैतेई मङा, मिझो पङा, गारो बोङा, बोडो बा, कोकबोरोक बा, कँटोनीजमध्ये नुसताच ङ्, आणि मँडरिन वू.

डोळ्यांनी वाचून पुढे जाऊ नका, म्हणा. पुढचे अ, म, प हे चिकटलेले उपसर्ग सोडून दिले की आतला गाभा वाजायला लागतो. मँडरिन ही सर्वांत प्रसिद्ध बहीण, पण सर्वांत जास्त झिजलेली. 'वू' मध्ये 'ङा' दिसत नाही. कँटोनीजने मात्र 'साम' मधला म आणि पाचातला ङ दोन्ही जपले आहेत. त्यामुळे चिनीकडे जायचं असेल तर कँटोनीजच्या दाराने जा.

सुरुवातीलाच ङ म्हणणं अवघड जातं, त्याला एक मराठी उपाय आहे. 'वाङ्मय' हा शब्द सावकाश म्हणा, ङ् वर थांबा, आणि तिथूनच 'आ' सुरू करा. पाच-सहा प्रयत्नांत 'ङा' येतो. तिबेटीतला 'त्सो', म्हणजे सरोवर, तर आपल्याला फुकट मिळालेला आहे: 'चोर' मधला च. पँगाँग त्सोवर गेलेले उत्तरेकडचे पर्यटक त्या त्सोशी झटापट करतात. आपल्याला ती करावी लागत नाही.

जाता जाता, कांचनजंगेच्या नावात तुमचा 'पाच' दडला आहे. कांग म्हणजे बर्फ, छेन म्हणजे मोठं, झो म्हणजे खजिना आणि ङा म्हणजे पाच: महाहिमाचे पाच खजिने.

पायरी तिसरी: आता स्वतःवर संशय घ्या

थाई भाषेतही तीनला 'साम' म्हणतात. मग थाई या कुळातली? नाही. थाईने अंक जुन्या चिनीकडून उसने घेतले. जपानी 'सान' आणि कोरियन 'साम'ही तसेच. जपानी आणि कोरियनचे स्वतःचे तीन वेगळे आहेत. आकडे व्यापाऱ्याबरोबर प्रवास करतात, म्हणून नुसत्या आकड्यांवर विसंबायचं नाही. उलटही होतं. खासीत 'सान' म्हणजे पाच. मँडरिनच्या 'सान'शी त्याचा काडीचा संबंध नाही. मिझो आणि मैतेईत डोळा म्हणजे 'मित', खासीत 'ख्मत', मलायमध्ये 'माता'. जवळ वाटतात ना? खासी आणि मलायचे शब्द दुसऱ्या घरचे. इथे मात्र तिबेटी 'मिक', गारो 'मिक', कँटोनीज 'मुक' हे मितचे खरे भाऊबंद.

तर तिसऱ्या रकान्यात असे शब्द घ्या जे कोणी सहसा उसने घेत नाही: डोळा, नाव, मी, खाणं, मरणं. 'नाव' तर फार गोड आहे: तिबेटी मिङ, मैतेई मिङ, मिझो ह्मिङ, बोडो मुं, मँडरिन मिङ. 'खाणं'ही तसंच: तिबेटी सा, बर्मी सा, मैतेई चा, गारो चा, बोडो जा. बोडो घरात पाहुणचाराला गेलात आणि यजमानीण 'जा' म्हणाली तर उठू नका. ती 'खा' म्हणते आहे.

पायरी चौथी: सारखेपणा सोडा, नियमित फरक शोधा

हीच खरी पायरी आहे, इथे सर्वांत जास्त वेळ द्या. नातं सिद्ध होतं ते शब्द सारखे असण्याने नव्हे, तर ते पुन्हा पुन्हा एकाच पद्धतीने वेगळे असण्याने. आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. गावात हरिनामाचा 'सप्ताह' बसतो आणि बँकेचा 'हप्ता' थकतो. एक संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून, पण दोन्हींत तोच जुना 'सात' आहे. संस्कृतात जिथे स, तिथे फारसीत ह. सिंधू आणि हिंद, सप्त आणि हफ्त. एकदा नियम सापडला की शब्द दिसायला किती वेगळे आहेत याने फरक पडत नाही.

आता हाच खेळ तिबेटी आणि मिझोमध्ये खेळा. तीन: सुम आणि थुम. लाकूड: शिङ आणि थिङ. मरणं: शी आणि थी. नवं: सार आणि थार. तिबेटीत जिथे स किंवा श, तिथे मिझोत थ. चारपैकी चारही वेळा. मग लडाख-सिक्कीमच्या सहलीत ऐकलेला 'लोसार' आठवा: लो म्हणजे वर्ष, सार म्हणजे नवं. ऐझॉलला नव्या वर्षाला 'कुम थार' म्हणतात. वर्षाचा शब्द वेगळा, पण 'थार' पाहिल्याबरोबर तुम्हाला 'सार' ऐकू आला पाहिजे. आला, तर चौथी पायरी झाली.

अभ्यासकांनीही हेच केलं, फक्त फार मोठ्या वहीत. १८२३ साली युलियस क्लाप्रोट या जर्मन पंडिताने तिबेटी, बर्मी आणि चिनीचा मूळ शब्दसाठा एक असल्याचं दाखवलं, आणि थाई व व्हिएतनामींना तेव्हाच बाजूला काढलं. नंतर शंभरेक वर्षं लोकांनी थाईला पुन्हा आत ओढलं होतं, ती गोष्ट वेगळी.

पायरी पाचवी: नकाशावरची नावं उघडा

ही पायरी प्रवासात करायची, गाडीच्या खिडकीतून. तिबेटी घरातल्या भाषांत 'ला' म्हणजे खिंड. म्हणून नथु ला, से ला, खारदुंग ला. 'नथुला खिंड' म्हणणं म्हणजे 'खिंड खिंड' म्हणणं, पण आपण सगळे म्हणतो आणि म्हणत राहू. 'छू' म्हणजे पाणी किंवा नदी, भूतानमधली पारो छू त्यातलीच. 'री' डोंगर, 'कांगरी' हिमशिखर.

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरलं की पाण्याचा शब्द बदलतो. बोडोत तो 'दै', दिमासात 'दी', कोकबोरोकमध्ये 'तोय', मिझोत 'तुई'. मिझोरमच्या नकाशावर तुईरियाल, तुईवाल अशा नद्या ओळीने सापडतात. आसामात दिब्रू, दिहिंग, दिखौ. दिमासा लोक आपल्या नावाचा अर्थ सांगतात तो 'मोठ्या नदीची लेकरं': दी पाणी, मा मोठं, सा लेकरू. नदीच्या नावावरून तिथे पूर्वी कोण राहत होतं याचा अंदाज बांधता येतो. आज तिथे आसामी बोलत असतील, पण नदीला नाव ठेवणारे आधीचे.

पायरी सहावी: माणसांची नावं नीट शिका

जुन्या पुस्तकांत लुशाई, मिकिर, अबोर, डफला अशी नावं भेटतील. ती शेजाऱ्यांनी किंवा गोऱ्या साहेबांनी दिलेली, काही सरळ अपमानाची. आजची नावं अनुक्रमे मिझो, कार्बी, आदी, न्यिशी. जुन्या नावाशेजारी वहीत नवं लिहून ठेवा, नाहीतर एकाच समाजाला दोन समजून बसाल. 'भोटिया' हे नाव तिबेटी लोक आपल्या देशाला 'बोद' म्हणतात त्यावरून आलं. 'शेर्पा' म्हणजे पूर्वेकडचे लोक. ओझी वाहणारा हा अर्थ गिर्यारोहणाने चिकटवला.

'नागा' हे एका भाषेचं नाव नाही. आओ, अंगामी, लोथा, सुमी, कोन्याक, तांगखुल या वेगवेगळ्या भाषा आहेत, इतक्या की दोन नागा गावांना एकमेकांशी बोलायला तिसरी भाषा लागते. त्यातही कोन्याकचं नातं अंगामीपेक्षा बोडो-गारोशी जवळचं मानतात. या गटाला भाषाशास्त्रज्ञांनी 'साल' नाव दिलं, कारण त्यात सूर्याला साल किंवा सान म्हणतात.

आणि पुण्या-मुंबईत शिकायला, नोकरीला आलेल्या ईशान्येकडच्या मुलामुलींना 'चिनी', 'नेपाळी' किंवा त्याहून वाईट शब्दाने हाक मारणं आजपासून बंद. हे सभ्यतेपोटी तर आहेच, पण आता तुम्हाला कळायला लागलंय की ते अज्ञानही आहे.

पायरी सातवी: बोडो वाचून बघा

मराठी वाचकाला या कुळात एक दार सताड उघडं आहे. बोडो देवनागरीत लिहिली जाते. १९७४-७५ मध्ये बोडो साहित्य सभेने रोमन लिपीसाठी मोठं आंदोलन केलं, त्यात माणसं गेली, आणि शेवटी तडजोड म्हणून देवनागरी स्वीकारली गेली. म्हणजे ही लिपी त्यांच्याकडे सहज चालत गेलेली नाही, हे वाचताना लक्षात असू द्या. २००३ मध्ये बोडो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मणिपुरी त्याआधी, १९९२ मध्ये आली, आपल्या कोकणीबरोबर एकाच घटनादुरुस्तीत.

हे वाक्य घ्या: 'आं ओंखाम जायो.' आं म्हणजे मी, ओंखाम म्हणजे भात, जायो म्हणजे खातो. मी भात खातो. शब्दांचा क्रम जसाच्या तसा मराठी! या कुळातल्या बहुतेक भाषा क्रियापद शेवटी ठेवतात. चिनी, म्यानमारची कारेन आणि युन्नानची 'बाई' अशा थोड्याच भाषा वेगळ्या वाटेने जातात. मँडरिनमध्ये 'वो छर् फान', मी खातो भात.

उच्चाराला मात्र सावध राहा. अक्षरं ओळखीची, आवाज अनोळखी. बोडोतला 'ओ' ओठ गोल न करता म्हणायचा, जवळजवळ 'उ' म्हणताना ओठ ताणून धरावेत तसा. 'अ' मात्र आपल्या ऑ-ओच्या जवळ जातो. शिवाय सूर. बोडोत दोन सूर, मैतेईत दोन, मँडरिनमध्ये चार, कँटोनीजमध्ये सहा. सूर बदलला की अर्थ बदलतो. सगळ्याच भाषांना सूर आहेत असंही नाही: ल्हासाच्या तिबेटीला आहेत, लडाखी आणि बाल्टीला नाहीत. त्या दोघींनी त्याऐवजी जुनी जोडाक्षरं सांभाळली. तिबेटी लिपीत लिहिलेली आणि ल्हासात मुकी झालेली अक्षरं बाल्टिस्तानातल्या मुसलमान घरांत अजून बोलली जातात. धर्मावर पहिल्या पायरीत काट का मारायला सांगितली, ते इथे पुन्हा दिसेल.

मोजणीतली एक गंमत. बोडोत नुसतं 'एक' म्हणून भागत नाही, काय मोजता तेही सांगावं लागतं. एक माणूस 'सासे', एक जनावर 'मासे', एक फळ 'थाइसे'. आपल्याकडे तीन जण, तीन जणी, तीन नग असं थोडंसं आहे. तिकडे ते पुष्कळ आहे. म्हणजे बोडोतला मासे एकच असतो आणि तो बहुधा चार पायांवर चालतो.

पायरी आठवी: आता झाड उघडा

वही अर्धी भरली की झाडाची भीती जाते. प्रदेशाप्रमाणे ढोबळ घोळके करा. पूर्वेला चिनी भाषा: मँडरिन, वू, कँटोनीज, मिन, हाक्का वगैरे. त्यांना 'बोली' म्हणतात, पण पेइचिंग आणि हाँगकाँगचा माणूस आपापल्या बोलीत बोलला तर एकमेकांना कळत नाही. दक्षिणेला बर्मी आणि यी. मध्ये तिबेटी, लडाखी, शेर्पा आणि भूतानची झोंखा. नेपाळच्या पूर्वेला राई-लिंबू, ज्यांची क्रियापदं कर्ता आणि कर्म दोघांनाही अंगावर घेऊन फिरतात. मग बोडो-गारो, मिझो आणि तिच्या कुकी-चिन बहिणी, अरुणाचलच्या भाषा, मैतेई.

हे घोळके एकमेकांना कसे जोडायचे यावर अजून भांडण आहे. जुनं मत असं की चिनी एकीकडे आणि बाकी सगळ्या तिबेटो-बर्मी एकीकडे. काहींना हा दुभंगच मान्य नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज व्हॅन ड्रीम यांनी कुळाचं नावच 'हिमालयपार' ठेवावं असं सुचवलं, आणि फांद्या जोडण्याऐवजी त्या गळून पडलेल्या पानांसारख्या मोकळ्या दाखवल्या. मला हे प्रामाणिक वाटतं. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी संगणकावर शब्दांची तुलना केली. एकाला कुळाचं वय सुमारे ५,९०० वर्षं मिळालं, दुसऱ्याला ७,२००. उगम दोघांनीही उत्तर चीनमध्ये, पीत नदीच्या अंगाने, भरडधान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांत शोधला. तो हिमालयाच्या पूर्व भागात किंवा सिचुआनमध्ये मानणारेही आहेत. तुम्ही वहीत पेन्सिलीने लिहा.

पायरी नववी: कान

शेवटी पुस्तक मिटून माणूस गाठायचा. शब्दकोश हवेत तर म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचं 'भारतवाणी' संकेतस्थळ मोफत आहे. पण तीन आणि पाच माणसाच्या तोंडून ऐकण्याला तोड नाही. त्यासाठी ईशान्येची विमानं पकडायची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. नवेगावबांधला पक्षी बघायला जाणारे पुष्कळ जण तिच्या जवळून निघून जातात. तिथल्या थोरल्यांना आधी 'टाशी देलेक' म्हणा, चहा आला तर नाही म्हणू नका, आणि मग उजव्या हाताची बोटं उघडत हळूहळू सुरू करा: चिक, ञी, सुम, शी, ङा. ङा चुकलाच तर ते हसतील आणि स्वतः म्हणून दाखवतील. तो ऐका.